नर्सिंगचं शिक्षण : वर्षं मोजायची की वॉर्डातले तास?



बारावीचा निकाल लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत एक हिशेब सुरू होतो. मुलीला नर्सिंगला घालायचं हे ठरलेलं असतं. पण एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. वडील म्हणतात, लवकर कमावती होईल ते बघा. मामा म्हणतात, डिग्रीशिवाय पुढे काही खरं नाही. आणि आई मात्र वेगळाच प्रश्न विचारते. चार वर्षं शिकलेली सिस्टर दोन-तीन वर्षं शिकलेलीपेक्षा खरंच चांगली असते का हो?

हा प्रश्न त्या आईचा एकटीचा नाही. उद्या आपण किंवा आपलं माणूस दवाखान्यात पडलं, तर रात्री तीन वाजता उशाशी डॉक्टर नसतात, सिस्टर असते. म्हणून आज आपण याच प्रश्नाचा नीट विचार करू.

आधी शिडी समजून घेऊ. एएनएम म्हणजे गावातल्या उपकेंद्रातली सिस्टर. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण ही तिची मुख्य कामं. जीएनएम ही पदविका आहे. इंग्रजी विषय घेऊन कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला ती करता येते, सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं. तिची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. तिन्हींचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखून दिलेला आहे. शिकून झाल्यावर तिघींनाही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नाही, तर ती कायद्याने नर्स नाही.

आता वर्षांकडे येऊ. आपल्याला वाटतं की शिक्षणाची वर्षं काळाबरोबर वाढतच गेली असतील. तसं झालेलं नाही. जीएनएमचा इतिहास बघा. आधी हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता. १९८६ मध्ये तो तीन वर्षांवर आणला. २००४ मध्ये पुन्हा साडेतीन केला, शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. मग २०१५ पासून परत तीन वर्षं, आणि इंटर्नशिप त्या तीन वर्षांतच बसवली. एएनएमचंही तेच. सुरुवातीला दोन वर्षं होती. १९७० च्या दशकात गावासाठी बहुउद्देशीय आरोग्य सेविका हवी असं ठरलं आणि शिक्षण दीड वर्षाचं झालं. पुढे ते पुन्हा दोन वर्षांचं केलं आणि प्रवेशाची अट दहावीवरून बारावीवर नेली.

म्हणजे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हा दोरा कधी ताणला, कधी सैल सोडला. नर्सेस कमी पडल्या की वर्षं कमी करायची, दर्जा घसरतोय अशी ओरड झाली की वाढवायची. साडेतीन वर्षांच्या काळात शिकलेल्या आणि तीन वर्षांच्या काळात शिकलेल्या सिस्टर आजही एकाच वॉर्डात शेजारी शेजारी काम करतात. त्यांच्यातली कोण कुठल्या काळातली, हे कामावरून तुम्हाला ओळखता येणार नाही. मग फरक पडतो तो कशाने?

याचा जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २०१४ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं आणि ऑपरेशन झालेले चार लाखांहून जास्त रुग्ण त्यांनी तपासले. त्यात दोन गोष्टी दिसल्या. रुग्णालयात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दर १० टक्क्यांनी जास्त असेल, तर रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी होती. आणि एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, की हीच शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती.

पहिली गोष्ट ऐकून मामांची बाजू वर होते. पण दुसरी गोष्ट विसरू नका. एका हाताने पदवीधर नर्सेस वाढवल्या आणि दुसऱ्या हाताने प्रत्येकीवर जास्त रुग्ण टाकले, तर मिळवलेलं सगळं निसटतं. त्याच अभ्यासात हिशेब मांडला आहे. एका रुग्णालयात ६० टक्के नर्सेस पदवीधर आणि एकीकडे सरासरी सहा रुग्ण. दुसऱ्यात ३० टक्के पदवीधर आणि एकीकडे आठ रुग्ण. पहिल्यात दगावण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघालं. शिक्षण आणि संख्या या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा हा फरक पडला. अर्थात असे अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालतात एवढं दाखवतात. एकीमुळेच दुसरी होते, असं छातीठोकपणे सांगत नाहीत. पण वारंवार तेच दिसत असेल, तर ते झटकूनही टाकता येत नाही.

आता आणखी एक बारकावा. पदवी म्हणजे जास्त वर्षं, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये २०१३ पासून नवीन नर्स व्हायचं तर पदवीच लागते. पण तिथली पदवी तीन वर्षांची आहे, आणि त्याआधीची पदविकाही तीनच वर्षांची होती. वर्षं तेवढीच ठेवली, आत काय शिकवायचं ते बदललं. युरोपीय संघाचा नियमही बघण्यासारखा आहे. तिथे नर्सच्या शिक्षणाला किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास लागतात, आणि त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ गेले पाहिजेत. त्यांनी नुसती वर्षं मोजली नाहीत, तासही मोजले, आणि ते तास कुठे गेले हेही विचारलं.

हे आपल्याकडे लावून पाहू. आपल्या खान्देशात सिस्टरपुढे काय काय येतं? कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनलेला शेतकरी येतो. त्याला ॲट्रोपिन सुरू केलं, की दर काही मिनिटांनी नाडी बघावी लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बघाव्या लागतात, तोंडातली लाळ आणि छातीतली घरघर कमी होते का ते बघावं लागतं. औषध कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका. पावसाळ्यात साप चावलेली बाई येते. विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं, की पहिल्या काही मिनिटांतच अंगाला खाज, पित्त उठणं, बीपी उतरणं असं होऊ शकतं. ते ज्या सिस्टरला दिसलं, ती सलाईन तिथेच थांबवून डॉक्टरांना हाक मारते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उष्माघाताचे रुग्ण येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून, चोपडा, यावल, शिरपूरकडून, सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारी मुलं येतात. आणि बाळंतीण तर रोजचीच. वार पडल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे की मऊ पडली, हे बघायचं असतं. मऊ पडली तर रक्त जातंय, आणि बाई हातची जायला वेळ लागत नाही.

यातलं काय पुस्तकातून येतं? ॲट्रोपिन शरीरात काय करतं, पिशवी मऊ का पडते, हे पुस्तकातून येतं, आणि ते यायलाच हवं. कारण कळलं असेल तर नवीन प्रसंग समोर आला तरी ती सिस्टर गोंधळत नाही. पदवीच्या शिक्षणाचा खरा फायदा इथे आहे. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, संशोधन वाचण्याची सवय आणि डॉक्टरांना ठामपणे ‘साहेब, हे बरोबर दिसत नाही, आत्ता या’ असं सांगण्याचा आत्मविश्वास त्यातून येतो. पण मऊ पिशवी हाताला कशी लागते, हे पुस्तक सांगू शकत नाही. त्यासाठी आधी पंचवीस-तीस बाळंतिणींच्या पोटावर हात ठेवलेला असावा लागतो, आणि शेजारी ‘हे बघ, याला मऊ म्हणतात’ असं सांगणारी अनुभवी सिस्टर उभी असावी लागते.

आणि भाषा? ती कुठल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे? म्हातारी आजी अहिराणीत दुखणं सांगते, डोंगरातली बाई पावरीत बोलते. ‘काय व्हयनं, माय?’ असं विचारणारी सिस्टर तिला मिळाली, तर ती मनातलं सगळं सांगते. चार्टवर न येणारी निम्मी माहिती अशीच कळते. आपल्याच गावातली मुलगी नर्स झाली, तर ही भाषा ती घरून घेऊन येते.

थोड्या दिवसांचं शिक्षणही काय करू शकतं, याचं एक उदाहरण आपल्या सरकारी दवाखान्यांतच आहे. बाळंतपण करणाऱ्या एएनएम आणि स्टाफ नर्सेससाठी केंद्र सरकारने एकवीस दिवसांचं कुशल प्रसूती सहायिका प्रशिक्षण आणलं. ते घेतलेल्या सिस्टरला रक्तस्राव थांबवण्याचं औषध देण्याची आणि झटके येणाऱ्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची परवानगी मिळाली. एकवीसच दिवस, पण प्रत्यक्ष प्रसूतिगृहात, आणि शिकलं ते करण्याच्या अधिकारासह. तो अधिकार नसता, तर सहा महिने शिकवूनही काही फायदा झाला नसता.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पदवीचीही गत तीच आहे. आपल्या राज्यात सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेला जीएनएम आणि बी.एस्सी. दोघीही अर्ज करतात. निवड झाली की पद एक, काम एक, पगारश्रेणी एक. चार वर्षं शिकलेलीला वेगळा अधिकार मिळत नाही आणि वेगळं कामही मिळत नाही. एम्सच्या भरतीत थोडा फरक केला आहे. तिथे बी.एस्सी. झालेली थेट अर्ज करू शकते, तर जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. या नियमात एक शहाणपण आहे. वॉर्डातल्या अनुभवाला वर्गातल्या वर्षाइतकीच किंमत त्यांनी दिली आहे.

अभ्यासक्रम न लांबवता सुधारण्याचीही उदाहरणं आहेत. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंग सेमिस्टर पद्धतीचं झालं. वर्षं चारच राहिली, पण आठ सेमिस्टर झाली आणि शेवटचं सेमिस्टर जवळजवळ पूर्ण इंटर्नशिपचं केलं. गावातल्या आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करायला नर्सला वेगळा सहा महिन्यांचा कोर्स लागत होता, तो भाग याच चार वर्षांत बसवला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, तो १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. उद्या वर्षं वाढवायची की नाही हा वाद पुन्हा निघाला, तर तो या आयोगापुढे निघेल.

तो निघाला तर आपण बायांनी काय म्हणायचं? आमचं म्हणणं असं आहे. फक्त वर्षं वाढवून चांगली नर्स तयार होत नाही. आणि वर्षं वाढवण्याची एक किंमत असते, ती सगळ्यात आधी गरीब घरच्या मुलीला मोजावी लागते. एक वर्ष वाढलं म्हणजे एक वर्षाची फी, मेसचे आणि होस्टेलचे पैसे, आणि एक वर्षाचा बुडालेला पगार. खेड्यातल्या मुलीला तर दुसरीही किंमत असते. शिक्षण लांबलं की घरात लग्नाचा विषय निघतो आणि कोर्स अर्धवट सुटतो. ज्या मुलीला बारावीला सायन्स घेता आलं नाही, कारण तालुक्याला जायला बस नव्हती, तिच्यासाठी फक्त पदवीच ठेवली तर दार कायमचं बंद होतं. आणि तीच मुलगी तर अहिराणी किंवा पावरी बोलणारी असते.

रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवा आणि गरजू बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे नेलं, तेव्हा शिकून स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ती एक मोठी वाट होती. आजही आपल्याकडे ती वाट तीच आहे. ती अरुंद होऊ नये, एवढं तरी बघायलाच हवं.

यावर मार्ग आहे, आणि तो आजही उघडा आहे. जीएनएम करून नोंदणी झालेली मुलगी नोकरीला लागू शकते आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होऊ शकते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये असाच कायदा केला. कमी वर्षांचं शिक्षण घेऊन नर्स व्हा, कामाला लागा, पण दहा वर्षांच्या आत पदवी पूर्ण करा. शिडीच्या पहिल्या पायरीवर कुणाला अडवायचं नाही, आणि खालच्या पायरीवर कुणाला अडकवूनही ठेवायचं नाही. असं केलं तर वर्षं वाढतात, पण मुलीच्या हातात पगार असताना वाढतात.

आता ज्या घरात सध्या हा हिशेब चालू आहे, त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. मुलीला सायन्सचे मार्क आहेत आणि घर चार वर्षं ओढू शकतं, तर बी.एस्सी. जरूर करा. पुढे एम.एस्सी., शिकवण्याची नोकरी, परदेश या वाटा तिथून सोप्या जातात. नसेल जमत, तर जीएनएमला कमी लेखू नका. पण कुठलाही कोर्स घ्या, कॉलेजात पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा.

पहिली, कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि त्याच्या खाटा भरलेल्या असतात का? नियमाने कॉलेजला १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. पाटीवर १०० खाटा आणि आत पंधरा रुग्ण असतील, तर तुमची मुलगी चार वर्षांत काय शिकणार? एका दुपारी ओपीडीत जाऊन बसा, सगळं दिसेल.

दुसरी, शिकवणाऱ्या किती आहेत? दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. आणि ती वॉर्डात मुलींबरोबर जाते की फक्त वर्गात असते, हे शिकणाऱ्या मुलींनाच विचारा.

तिसरी, हजेरी. थिअरीला ८० टक्के आणि प्रॅक्टिकलला १०० टक्के हजेरी हा पदवीचा नियम आहे. ‘घरी बसा, परीक्षेला या’ असं जो कुणी सांगेल, त्याच्या दारातून मागे फिरा. असल्या कागदावर झालेली नर्स रुग्णाच्या जिवाशी खेळते आणि स्वतःही पुढे नोंदणीत अडकते.

चौथी, मान्यता. परिचर्या परिषदेच्या यादीत त्या कॉलेजचं नाव या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघा. मध्यस्थाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

पाचवी, फी. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या फीची पूर्ण माफी आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आहे. तुमच्या कोर्सला आणि त्या कॉलेजला काय लागू होतं, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आणि ज्यांच्या घरात कुणी नर्सिंगला जाणार नाही, त्यांच्यासाठीही एक हिशेब. समजा, एका वॉर्डात ४० रुग्ण आहेत आणि बारा तासांच्या रात्रपाळीला सिस्टर एकच आहे. एका रुग्णाच्या वाट्याला येतात अठरा मिनिटं. त्यातच इंजेक्शन, सलाईन, बीपी, लिहिणं आणि नवीन ॲडमिशन. नियमाप्रमाणे सहा रुग्णांमागे एक सिस्टर असती, तर प्रत्येकाला दोन तास मिळाले असते. मऊ पडलेली पिशवी अठरा मिनिटांतही सापडते, पण ती अठरा मिनिटं नेमकी त्याच वेळी आली तर. चार वर्षं शिकलेली असो की तीन, ४० रुग्णांत एकटी सिस्टर सगळीकडे पोचू शकत नाही.

म्हणून ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत किंवा आमदार गावात आले की नर्सच्या रिकाम्या जागा किती आहेत आणि त्या कधी भरणार, हे विचारा. सिस्टर किती वर्षं शिकली याची चर्चा जरूर करू. पण ती कोणत्या वॉर्डात, कुणाच्या हाताखाली शिकली, आणि आज तिच्यावर किती रुग्णांचा भार आहे, हेही त्याच दमात विचारू. उत्तरं द्यावी लागली, की जागाही भरतात आणि वॉर्डही सुधारतात.